'लेव्हल १४०' नेमकी कुणाची? वैमानिक, एटीसी आणि ऐकण्यातली गफलत

जुना टॉवरवाला

परवा इथल्याच एका धाग्यावर चरखी दादरीचा, म्हणजे तिथे दोन विमानं हवेत धडकली त्या अपघाताचा, उल्लेख आला आणि त्याखाली तीन-चार जणांनी एकच निकाल दिला: कझाक पायलटला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून अपघात झाला. मी मुंबईत एटीसीमध्ये, म्हणजे विमान वाहतूक नियंत्रणात, टॉवर (धावपट्टीवरची विमानं) आणि अप्रोच (विमानतळाकडे येणारी विमानं) दोन्हीकडे नोकरी करून निवृत्त झालोय. हा निकाल खोटा नाही, पण तेवढ्यावर थांबलं तर त्या ३४९ माणसांच्या मरणातून जे शिकायचं ते बरंचसं राहून जातं. म्हणून वेगळा धागा काढतोय. लांबणार आहे, सवडीने वाचा.

१२ नोव्हेंबर १९९६. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सौदिया या सौदी अरेबियाच्या कंपनीचं ७६३ हे बोइंग ७४७ दिल्लीहून धहरानकडे निघालं. प्रवाशांत आखातात कामाला जाणारे आपले लोक भरपूर. समोरून चिमकेंटहून दिल्लीला येत होतं कझाकस्तान एअरलाइन्सचं १९०७, इल्यूशिन-७६. तेव्हा दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना मिळून एकच वाट होती, कारण आजूबाजूचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे होतं. एकाच वाटेवर समोरासमोर विमानं चालवायची तर त्यांच्या उंचीत फरक ठेवायचा, आणि तो ठेवलाही होता. सौदियाला लेव्हल १४०, म्हणजे १४,००० फूट. कझाकला १५०. मध्ये हजार फूट. रात्रंदिवस जगभर हेच चालतं, यात काही वावगं नव्हतं.

दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमानाचा ठिपका दिसायचा, उंची दिसायची नाही. उंचीसाठी पायलटच्या शब्दावर विसंबायचं. कझाकने १५० ला पोचल्याचं कळवलं. कंट्रोलरने त्याला सांगितलं की समोरून सौदियाचं ७४७ येतंय, १४ मैलांवर आहे, दिसलं की सांग. कझाककडून उलट प्रश्न आला, किती मैल? कंट्रोलर म्हणाला, चौदा. उत्तर नाही. मग त्याने पुन्हा सांगितलं: १३ मैल, लेव्हल वन फोर झीरो.

तो १४० सौदियाचा होता. कंट्रोलरने बरोबर सांगितला, आणि समोरच्याच्या कानापर्यंत तो पोचलाही असणार. पण हा आकडा समोरच्या विमानाचा की आपल्याला दिलेला, हे कझाकच्या कॉकपिटमध्ये नीट ठरलं होतं का? न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीचा निष्कर्ष असा की कझाक विमान परवानगी नसताना १५० च्या खाली उतरलं, आणि त्यामागे इंग्रजीचं अपुरं ज्ञान आणि त्यातून सूचनांचा लावलेला चुकीचा अर्थ होता. पण त्याच निष्कर्षांत कॉकपिटमधल्या समन्वयाचा अभाव, कप्तानाचं कमी पडलेलं नेतृत्व, ठरलेले कॉलआउट (उंची वगैरे मोठ्याने पुकारणं) न देणं, हेही आहे. लोकांच्या लक्षात फक्त पहिला भाग राहिला.

सोव्हिएत पद्धतीच्या त्या कॉकपिटमध्ये एटीसीशी बोलायला वेगळा रेडिओ ऑपरेटर असायचा. तो ऐकणार, उत्तर देणार आणि विमान चालवणाऱ्यांना सांगणार. त्याच्या समोर स्वतःचं उंचीमापक नव्हतं. वाकून पायलटच्या काट्याकडे बघावं लागायचं. वर घरची सवय मीटरची, इथे आकडे फुटांचे. म्हणजे जो बोलत होता त्याच्या हातात विमान नव्हतं, आणि ज्यांच्या हातात होतं ते बोलत नव्हते. अगदी शेवटी त्या रेडिओ ऑपरेटरनेच ओरडून सांगितलं की १५० धरा. तेव्हा विमान वर घेतलं गेलं. इल्यूशिनचं शेपूट ७४७ च्या डाव्या पंखात गेलं. वर उडणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या मालवाहू विमानातून ढग उजळलेला दिसला होता.

आता ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी. कंट्रोलरने सूचना दिली की पायलटने ती शब्दशः परत म्हणायची, हा रीडबॅक. कंट्रोलरने तो कान देऊन ऐकायचा, हा हिअरबॅक. चुकला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचा. आमच्या वेळी प्रत्येक विमानाची एक कागदी स्ट्रिप असायची. लेव्हल दिली की आकडा स्ट्रिपवर लिहायचा, रीडबॅक येत असताना पेनाचं टोक त्या आकड्यावर ठेवायचं, जुळलं की खूण करायची. पेन आकड्यावर ठेवण्याचं कारण असं की डोकं तोवर पुढच्या विमानाकडे गेलेलं असतं आणि कान जे ऐकायची अपेक्षा आहे तेच ऐकतो. गर्दीच्या वेळी अप्रोचवर बसलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला लागणार नाही.

हिअरबॅक सुटला की काय होतं याचं उदाहरण क्वालालंपूरचं आहे. १९ फेब्रुवारी १९८९, सुबांग विमानतळ, फ्लाइंग टायगर ६६, मालवाहू ७४७. कंट्रोलर म्हणाला, "डिसेंड (खाली उतरा) टू फोर झीरो झीरो." त्याला म्हणायचं होतं २४००, त्यातला 'टू' म्हणजे दोन. कॉकपिटमध्ये तो 'टू' म्हणजे 'पर्यंत' असा ऐकला गेला आणि उरले ४००. पायलटने उत्तर दिलं, "ओके, फोर झीरो झीरो." चूक चक्क रेडिओवरून परत आली होती, पकडायची संधी समोर होती. कुणी पकडली नाही. जमीन जवळ आल्याची धोक्याची घंटाही वाजत होती. विमान ४३७ फुटांवर डोंगराला धडकलं, चौघेही गेले. या चौघांना आणि त्या कंट्रोलरला कामापुरतं इंग्रजी येत होतं. अमेरिकन वैमानिकांना तर ती मातृभाषाच.

म्हणून माझं म्हणणं असं, की भाषा सुधारा जरूर, पण जीव वाचतो तो पुन्हा विचारल्यामुळे. "से अगेन" (पुन्हा सांगा) आणि "कन्फर्म" (खात्री करा) हे दोन शब्द जिथे संकोच न करता वापरले जातात ती फ्रिक्वेन्सी सुरक्षित. आणि तो संकोच घालवायची पहिली जबाबदारी कंट्रोलरची आहे, पायलटची नंतर.

पायलट मंडळी, रेडिओवाले, या विषयात गम्य असलेले सगळे, लिहा.

सांजवात

वाचनखूण साठवली. अंगावर काटा आला. दोन शंका: दिल्लीत अजून तशीच एक वाट आहे का? आणि विमानं एकमेकांना आपोआप टाळतात ते यंत्र तेव्हा नव्हतं का?

जुना टॉवरवाला

@सांजवात, नाही, येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा नंतर वेगळ्या केल्या. उंची दाखवणारं दुय्यम रडारही आलं. तुम्ही म्हणता ते यंत्र टीकॅस. ते जगात होतं, पण या दोन विमानांवर नव्हतं. या अपघातानंतर भारताने आपल्या हद्दीत येणाऱ्या विमानांना ते सक्तीचं केलं.

टीकॅस आणि माणूस यांचं मात्र एकदा भीषण उलटसुलट झालं. १ जुलै २००२, युबरलिंगेन, जर्मनी-स्वित्झर्लंड सीमेजवळ. कंट्रोलर म्हणाला खाली ये, टीकॅस म्हणालं वर जा. रशियन तुपोलेव्हने कंट्रोलरचं ऐकलं. समोरच्या मालवाहू ७५७ ने टीकॅसचं ऐकून खाली जायला सुरुवात केली होती आणि रेडिओवर तसं सांगितलंही, पण एकटाच बसलेला कंट्रोलर तेव्हा दुसऱ्या विमानाशी बोलत होता. ७१ जण गेले. तेव्हापासून नियम पक्का आहे: टीकॅस सांगेल ते आधी, एटीसी नंतर.

हॅमवाला सांगली

सुंदर लेख, काका. रेडिओच्या बाजूने भर घालतो, कारण टेनेरीफ सोडून हा विषय पुरा होत नाही.

विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये चालतं, आणि तेही एएमवर. लोक विचारतात की एफएम इतकं स्वच्छ ऐकू येतं, मग हे जुनाट एएम का. एफएमवर दोघे एकदम बोलले तर ज्याचा सिग्नल जोरकस तोच ऐकू येतो आणि दुसरा बोलला हेसुद्धा कळत नाही. एएमवर दोघे एकदम बोलले तर दोन्ही कॅरिअर (आवाज वाहून नेणाऱ्या लहरी) एकमेकांवर चढतात आणि कर्कश शिट्टी वाजते. शब्द कळत नाहीत, पण काहीतरी दबलं गेलंय एवढं तरी कळतं. म्हणजे एएमची ती शिट्टी हीच एक सूचना आहे. प्रश्न असा की ती शिट्टी ऐकून समोरचा थांबतो का.

२७ मार्च १९७७. ग्रॅन कनेरियाच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून सगळी विमानं शेजारच्या टेनेरीफ बेटावरच्या लोस रोदेओस या लहान विमानतळावर वळवली. पार्किंग भरलेलं, त्यामुळे मोठ्या विमानांना रनवेवरूनच मागे चालत जावं लागत होतं. वर धुकं उतरलेलं आणि जमिनीवरचं रडार नाही. टॉवरला विमानं दिसत नव्हती, विमानांना एकमेकं दिसत नव्हती. जे काही होतं ते एका फ्रिक्वेन्सीवर.

केएलएम या डच कंपनीचं ७४७ टोकाला जाऊन उभं राहिलं. त्यांना मार्गाचा क्लिअरन्स मिळाला, म्हणजे उड्डाणानंतर कुठे वळायचं आणि किती उंची घ्यायची. उडायची परवानगी नव्हे. पण त्या वाक्यात 'टेकऑफ' हा शब्द होता. सहवैमानिकाने तो परत म्हटला आणि शेवटी जोडलं, "वी आर नाऊ ॲट टेकऑफ." टॉवरला वाटलं टेकऑफच्या जागी उभे आहोत असं म्हणतोय. प्रत्यक्षात चाकं फिरायला लागली होती. कंट्रोलर म्हणाला "ओके", जरा थांबला आणि म्हणाला, "स्टँडबाय फॉर टेकऑफ, आय विल कॉल यू." नेमक्या त्याच क्षणी रनवेवर असलेल्या अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमने घाईने सांगितलं, आम्ही अजून रनवेवरच आहोत. दोन्ही एकदम. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' स्वच्छ पोचलं आणि त्यानंतर सुमारे चार सेकंद शिट्टी.

दोन्हींपैकी एक जरी वाक्य एकट्याने गेलं असतं तरी केएलएम थांबू शकलं असतं. ५८३ माणसं गेली. केएलएमचे सगळे २४८, पॅन अ‍ॅमचे ३३५. पॅन अ‍ॅममधले ६१ वाचले.

म्हणून आता 'टेकऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष उडायची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतात. एरवी 'डिपार्चर'. मुंबईच्या टॉवरवरही हेच.

चिंतामणी

+१. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

उजवी सीट

मी एअरबसवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. कंपनीचं नाव घेणार नाही.

हॅमवाल्यांनी लिहिलंय त्यात अजून एक गोष्ट आहे, ती आम्हाला प्रशिक्षणात पहिल्यांदा ऐकवतात. शिट्टीनंतर टॉवर पॅन अ‍ॅमला म्हणाला, रनवे मोकळा झाला की कळव. पॅन अ‍ॅम म्हणालं, मोकळा झाला की कळवतो. हे बोलणं केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्पष्ट ऐकू आलं होतं. विमान धावत होतं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, तो पॅन अमेरिकन अजून बाजूला झाला नाही का? कप्तान ठामपणे म्हणाला, हो, झालाय की. इंजिनिअर गप्प बसला. धडक व्हायला तेव्हा दहा-पंधरा सेकंद होती.

तो कप्तान, व्हान झान्टेन, कंपनीतला मोठा माणूस. ७४७ चा मुख्य प्रशिक्षक. अशा माणसाला दुसऱ्यांदा विचारायचं म्हणजे काय, हे आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. आपल्याकडे वडीलधाऱ्यांचं बोलणं एकदा ऐकलं की पुन्हा विचारणं म्हणजे अविश्वास. मी नवीन होते तेव्हा हे माझ्या अंगात भिनलेलं होतं. आता कप्तान कितीही ज्येष्ठ असो, क्लिअरन्सबद्दल दोघांचं वेगळं ऐकणं झालं की मी सरळ "सर, आपण कन्फर्म करू" म्हणते आणि बटण दाबते. चांगला कप्तान आभार मानतो. कॉकपिटमधला नियमही तोच आहे, दोघांना एकच ऐकू आलं नसेल तर एटीसीला विचारायचं, आपसात मतदान घ्यायचं नाही.

पण काकांचा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. परदेशातल्या एका अतिगर्दीच्या विमानतळावर (नाव नको) टॅक्सीचा (विमान जमिनीवरून चालत न्यायचा) लांबलचक मार्ग एका दमात सांगितला गेला. मधला एक टॅक्सीवे कळला नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं. कंट्रोलर आधीच्यापेक्षा भराभर बोलला आणि आवाजात चीड होती. आमच्या मागच्या विमानाला तसाच मार्ग मिळाला. त्यांनी नुसतं "रॉजर" म्हटलं. त्यांना खरंच कळलं होतं की माझ्यासारखं ऐकून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. एकाला झापलं की त्या फ्रिक्वेन्सीवरचे दहा जण गप्प होतात. कंट्रोलर लोकांनी हे मनावर घ्यावं अशी हात जोडून विनंती.

जुना टॉवरवाला

@उजवी सीट, मनापासून धन्यवाद. ही विनंती मी जिथे शिकवायला जातो तिथे तुमच्या शब्दांत सांगणार आहे. विचारणाऱ्या पायलटवर चिडणं हे माझ्या मते रीडबॅक न ऐकण्याइतकंच गंभीर आहे.

संत्रानगरी

काका, आदर ठेवून असहमती नोंदवतो. तुम्ही भाषेला फारच दुय्यम करताय. पुन्हा विचारायलाही भाषा लागते. चरखी दादरीत कझाककडून "किती मैल?" असं विचारलं गेलंच की! म्हणजे संकोच नव्हता. विचारून उत्तर मिळालं, तरी अर्थ लागला नाही. मग तुमचा उपाय तिथे कसा लागू पडला असता?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, भाषेची सहा पायऱ्यांची पट्टी केली ती याच अपघातांमुळे. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला किमान चौथी पायरी. उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ, आकलन, संवाद, या सहांपैकी ज्यात सर्वात कमी तीच तुमची पायरी. चौथीवाल्याची दर तीन वर्षांनी फेरपरीक्षा. मार्च २००८ पासून लागू व्हायचं होतं, अनेक देशांची तयारी नव्हती म्हणून २०११ पर्यंत सवलत दिली. इतकं सगळं उगाच केलं का?

आणि एक वेगळं उदाहरण. मे २००० मध्ये पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर एक फ्रेंच प्रवासी विमान उड्डाणासाठी धावत असताना ब्रिटिश मालवाहू विमान रनवेवर आलं. ब्रिटिश सहवैमानिक गेला. टॉवर फ्रेंच विमानाशी फ्रेंचमध्ये आणि ब्रिटिश विमानाशी इंग्रजीत बोलत होता. ब्रिटिश वैमानिकांना फ्रेंच येत असतं तर समोरून विमान सुटतंय हे त्यांनी ऐकलं असतं. इथे तर कुणी कुणाला पुन्हा विचारायचा प्रश्नच नव्हता. एका फ्रिक्वेन्सीवर एकच भाषा हवी, हे माझं ठाम मत.

जुना टॉवरवाला

@संत्रानगरी, पॅरिसबद्दल शंभर टक्के सहमत. फ्रिक्वेन्सीवर सगळे सगळ्यांचं ऐकतात, हीच तिची ताकद, आणि दोन भाषा आल्या की ती निम्मी होते. आपल्याकडे सुदैवाने हा प्रश्न नाही. सुरुवातीला "नमस्कार मुंबई" एवढंच काय ते आपल्या भाषेत, पुढे सगळं इंग्रजीत. पुण्याला एटीसी हवाई दलाचं, दाबोळीला नौदलाचं, तरी भाषा तीच.

चरखी दादरीबद्दल तुमचा प्रश्न रास्त आहे. ज्या गोष्टीबद्दल विचारलं गेलं ती अंतराची होती. ज्याची शंका यायला हवी होती ती उंची, आणि तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही. "आम्ही वन फाइव्ह झीरोला, वन फोर झीरो हे सौदियाचं ना?" एवढं एक वाक्य हवं होतं. ते चौथ्या पायरीच्या इंग्रजीतही बसतं, तिसऱ्या पायरीच्याही. ते सुचायला आधी कॉकपिटमध्ये कुणीतरी काट्याकडे बघून "आपण १५० च्या खाली चाललोय" असं मोठ्याने म्हणायला हवं होतं. तो कॉलआउट कुणी दिला नाही. भाषा कमी पडली हे मान्यच आहे. पण फक्त भाषेवर ठपका ठेवला की चांगलं इंग्रजी बोलणारा प्रत्येक जण स्वतःला यातून वगळतो, आणि माझा आक्षेप एवढाच आहे.

माधवी लाँग आयलंड

मी लाँग आयलंडवर राहते. कोव्ह नेक आमच्यापासून फार लांब नाही. तिथे २५ जानेवारी १९९० च्या रात्री कोलंबियाचं अव्हियांका ५२ पडलं. तुमच्या दोघांच्या वादात ही घटना अगदी मध्ये बसते, म्हणून लिहिते.

बोगोटाहून मेडेयीनमार्गे न्यूयॉर्कला येणारं बोइंग ७०७. न्यूयॉर्कचं हवामान वाईट, विमानांची रांग. या विमानाला तीन ठिकाणी मिळून एक तास सतरा मिनिटं घिरट्या घालत ठेवलं. कप्तानाचं इंग्रजी कच्चं, बोलायचं काम सहवैमानिकाकडे. त्याने सांगितलं की आम्हाला प्राधान्य हवं, आणखी पाचच मिनिटं थांबता येईल, आणि पर्यायी विमानतळ बोस्टन होता पण आता तिथे पोचता येणार नाही. हे ज्या कंट्रोलरने ऐकलं त्याच्याकडून पुढच्याकडे ते पूर्ण गेलं नाही. पुढच्याला हे बाकीच्यांसारखंच एक विमान.

पहिला प्रयत्न फसला. जोरदार वारा, रनवे दिसला नाही, पुन्हा वर गेले. कप्तान स्पॅनिशमध्ये सहवैमानिकाला सांगतोय, त्यांना सांग आपण इमर्जन्सीत आहोत. सहवैमानिक रेडिओवर म्हणतो, आमचं इंधन संपत आलंय. 'इमर्जन्सी' किंवा 'मेडे' (संकटातली ठरलेली हाक) हा शब्द तो उच्चारत नाही. कंट्रोलर त्याला सांगतो, तुला पंधरा मैल ईशान्येला नेऊन परत वळवतो, तुला आणि तुझ्या इंधनाला चालेल ना? आणि तो म्हणतो, "आय गेस सो, थँक यू व्हेरी मच."

हे वाक्य वाचलं तेव्हा मी रडले होते. चालेल ना म्हटल्यावर "चालेल" म्हणणं आपल्याला किती ओळखीचं आहे! चारही इंजिनं बंद पडून विमान टेकडीवर कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले. आग लागली नाही, कारण जळायला इंधनच उरलं नव्हतं.

न्यूयॉर्कच्या कंट्रोलरना रोज कुणी ना कुणी इंधन कमी असल्याचं सांगतच असतं. ठरलेला शब्द आला की तिथली सगळी यंत्रणा हलते, तो नाही आला की हलत नाही. आता 'मिनिमम फ्युएल' आणि 'मेडे फ्युएल' असे दोन वेगळे ठरलेले शब्द आहेत, त्यामुळे 'प्राधान्य' या गुळमुळीत शब्दाला जागा उरली नाही.

उजवी सीट

माधवीताई, हे वाचून सुन्न झाले. आम्हाला आता शिकवतात की 'मेडे' म्हणायला परवानगी लागत नाही आणि नंतर गरज नव्हती असं निघालं तरी कुणी जाब विचारणार नाही. तरीही पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते, हे खरं आहे.

भटक्या विमुक्त

अवांतर: मुंबईत एका जपानी वैमानिकाने सांताक्रूझ समजून विमान जुहूला उतरवलं होतं ना?

जुना टॉवरवाला

हो, सप्टेंबर १९७२, जपान एअरलाइन्सचं डीसी-८, जुहूच्या आखूड धावपट्टीवरून पुढे निघून गेलं. पण ती डोळ्यांची गल्लत होती, रेडिओची नव्हे. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

प्रसाद तोक्यो

काका, रीडबॅकवर तुमचा इतका भर आहे म्हणून हानेदाची घटना मांडतो, कारण तिथे रीडबॅक अगदी बरोबर होता.

२ जानेवारी २०२४. आदल्या दिवशी नोतोला भूकंप झालेला. जपानच्या तटरक्षक दलाचं डॅश-८ मदतीचं सामान घेऊन निघायचं होतं. टॉवरने सांगितलं, नंबर वन, होल्डिंग पॉइंट सी-५ पर्यंत टॅक्सी करा. विमानातून नेमका तसाच रीडबॅक आला: होल्डिंग पॉइंट सी-५, नंबर वन, थँक यू. होल्डिंग पॉइंट म्हणजे रनवेच्या बाहेर थांबायची जागा. पण विमान थांबलं नाही, रनवेवर जाऊन उभं राहिलं. पाठीमागून जपान एअरलाइन्सचं ए३५० उतरलं आणि धडकलं. डॅश-८ मधल्या सहापैकी पाच गेले. ए३५० जळून खाक झालं, पण त्यातले ३७९ जण सगळे बाहेर पडले.

सी-५ जवळचे थांबा-दिवे दुरुस्तीमुळे बंद होते. रनवेवर विमान घुसल्याची खूण टॉवरच्या पडद्यावर आली होती, कुणाच्या लक्षात आली नाही. अपघातानंतर निघणाऱ्या विमानांना 'नंबर वन' असा क्रम सांगणं इथे लगेच थांबवलं होतं. मी त्या रात्री हानेदाला जाणाऱ्या ट्रेनमध्ये होतो. डब्यातले सगळे आपापल्या फोनवर ती आग बघत होते.

सांगायचं एवढंच की तोंडाने बरोबर म्हटलं आणि मनाने वेगळं समजलं, तर कंट्रोलर काय करणार?

जुना टॉवरवाला

@प्रसाद, अतिशय मोलाची भर. याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. रीडबॅक फक्त एवढंच सिद्ध करतो की शब्द पोचले. 'नंबर वन' म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिला. घाईत असलेल्या, मदत घेऊन निघालेल्या माणसाला तो शब्द 'जा' असा लागणं अशक्य नाही.

म्हणूनच माझा आग्रह असायचा की थांबायला सांगताना वाक्यात गोड वाटणारं काही मिसळायचं नाही. थांब म्हणजे थांब. क्रम, वेळ, वारा, हे सगळं वेगळ्या वाक्यात आणि थोड्या वेळाने. आणि रीडबॅक मिळाला की काम संपत नाही, नजर त्या विमानावर ठेवायची. टॉवरला काचा उगाच नाहीत. मुंबईत फेब्रुवारी २००९ मध्ये राष्ट्रपतींच्या ताफ्यातलं हेलिकॉप्टर रनवेवर असताना दिल्लीला निघालेलं विमान धावत सुटलं होतं. वैमानिकाने हेलिकॉप्टर पाहिलं आणि विमान थांबवलं. तिथे डोळ्यांनी वाचवलं.

सांजवात

इतकं वाचल्यावर साधा प्रश्न पडतो. आता सगळीकडे मेसेज चालतात, मग विमानांना अजून तोंडी का सांगतात? लिहून पाठवलं तर ऐकण्याचा घोळच नको.

हॅमवाला सांगली

@सांजवात, लिहून पाठवतात. सीपीडीएलसी म्हणतात त्याला. समुद्रावर ते चांगलं चालतं, कारण तिथे व्हीएचएफ (नेहमीचा जवळच्या पल्ल्याचा रेडिओ) पोचत नाही आणि एचएफवर (लांब पल्ल्याच्या रेडिओवर) खरखर असते. अरबी समुद्रावरच्या विमानांचं एचएफवरचं बोलणं कधी ऐका, एकेक आकडा दोन-तीनदा सांगावा लागतो. तिथे लेखी निरोप वरदान आहे.

पण विमानतळाजवळ दर काही सेकंदांना एक सूचना जाते. मेसेज येणार, वाचणार, बटण दाबून स्वीकारणार, तोवर विमान मैलभर पुढे. शिवाय लेखी निरोप फक्त ज्याचा त्यालाच दिसतो. आवाजावर सगळ्यांना चित्र कळतं, संत्रानगरी म्हणाले तसं. माझ्या मते दोन्ही बरोबरीने राहतील.

उडानवेडी

मी खूप दिवस वाचनमात्र होते, हा धागा वाचून खातं उघडलं. नाशिकची आहे, सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) करतेय आणि पुढच्या महिन्यात आरटीआरची (रेडिओवर बोलायच्या परवान्याची) परीक्षा आहे. पुस्तकातली वाक्यं पाठ आहेत. पण सरावात इन्स्ट्रक्टर भराभर बोलले की डोकं रिकामं होतं आणि तोंडातून "रॉजर" निघून जातं. दर वेळी पूर्ण वाक्य पुन्हा सांगा म्हटलं तर परीक्षकांवर वाईट छाप पडेल का? काका, काही सांगाल?

उजवी सीट

उडानवेडी, आधी "रॉजर" ची सवय मोड. रॉजर म्हणजे फक्त 'ऐकलं'. हो नाही, करते नाही, काहीच नाही. मलाही हीच सवय होती, मोडता येते.

जुना टॉवरवाला

@उडानवेडी, छाप वाईट पडणार नाही, चांगली पडेल. मात्र कसं विचारायचं ते शिकून घे, म्हणजे समोरच्यालाही सगळं परत बोलावं लागत नाही.

पहिला भाग कळला आणि पुढचा सुटला असेल तर "से अगेन ऑल आफ्टर" आणि त्यापुढे शेवटचा कळलेला शब्द. मधलाच एक आकडा सुटला असेल तर "से अगेन" म्हणून नेमकं काय ते विचार, हेडिंग (दिशा) की लेव्हल (उंची). ऐकलंय पण खात्री नाही, तर जे ऐकलं ते म्हणून आधी "कन्फर्म" लाव. बोलणाराच फार भराभर बोलतोय, तर "स्पीक स्लोअर". हे ठरलेले शब्द आहेत, उद्धटपणा नव्हे. सिग्नल खराब असेल तर "वर्ड्स ट्वाइस" असंही म्हणता येतं.

रीडबॅक कशाचा द्यायचाच हे तोंडपाठ ठेव: मार्गाचा क्लिअरन्स, रनवेवर येणं, उतरणं, उडणं, ओलांडणं, रनवेच्या आधी थांबणं, कुठला रनवे, क्यूएनएच (उंचीमापकासाठीचा हवेचा दाब), स्क्वॉक (रडारवर ओळखायचा कोड), लेव्हल, हेडिंग, वेग. शेवटी आपला कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), पूर्ण. समजा ४५२ आणि ४२५ अशी दोन विमानं एकाच फ्रिक्वेन्सीवर आहेत आणि एकाची लेव्हल दुसऱ्याने उचलली, तर ते फक्त कॉलसाइनवरूनच पकडता येतं.

गुडघ्यावर पॅड बांध आणि ऐकता ऐकता लिहायची सवय लाव. सगळं नाही, फक्त आकडे. लेव्हलला बाण, हेडिंगला एच, पुढे तीन आकडे. डोकं रिकामं होतं तेव्हा कागदावरचं वाचता येतं.

सरावाला माणूस हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. रविवारी संध्याकाळी मी मोकळा असतो. फोनवर मी मुंबई अप्रोच, तू विमान. मुद्दाम दोन आकडे चुकीचे म्हणेन, तू पकडायचे.

उडानवेडी

व्यनि केलाय, काका. रविवारी सहा वाजता चालेल का? पॅड घेऊन बसते.

संत्रानगरी

माझीही भाची इंदूरला प्रशिक्षण घेतेय, तिलाही जोडून घ्याल का? तिघांची एक फ्रिक्वेन्सी होईल, एकमेकींचे कॉलसाइनही ऐकावे लागतील.

जुना टॉवरवाला

जरूर, तिचाही व्यनि येऊ द्या. दोघींना मिळतेजुळते कॉलसाइन देतो.